कच्च्या पिस्त्याचं शहर

आग्नेय तुर्कस्तानातल्या गाझियांतेप शहराभोवती दूरवर पिस्त्याच्या बागा पसरल्या आहेत. पिस्ता पुरता पिकतो सप्टेंबरात. वरची साल गुलाबी होते, आतलं कवच आपोआप उकलतं, दाणा भरतो. तरीही इथले बागायतदार बागेचा काही भाग ऑगस्टमध्येच उतरवून घेतात. त्या वेळी दाणा बारीक असतो, कवच मिटलेलं असतं आणि पोत्यामागे वजन कमी भरतं. नुसत्या वजनावर माल विकणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचाच वाटेल. पण त्या थोड्या दिवसांत दाण्याला जो गर्द हिरवा रंग आणि जो तीव्र सुगंध असतो, तो पुढे टिकत नाही. शहरातले बकलावा बनवणारे कारागीर नेमका तोच दाणा मागतात आणि त्याचे चढे दाम मोजतात.

या शहराची खाद्यसंस्कृती समजून घ्यायला ही एक गोष्ट फार उपयोगी पडते. इथल्या स्वयंपाकात जे जे उत्तम आहे, ते नेमका दिवस साधल्यामुळे उत्तम आहे. उन्हाळा लांबलचक आणि कोरडा, पाऊस पडायचा तो हिवाळ्यात, आणि जमीन खडकाळ चुनखडीची. अशा ठिकाणी एखादी गोष्ट मुबलक मिळते ती काही आठवड्यांपुरती. तेवढ्यात ती तोडायची, भाजायची, उकडायची, वाळवायची आणि पुढच्या अकरा महिन्यांची सोय करायची, हे अंतेपच्या बायकांनी, शेतकऱ्यांनी आणि आचाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं.

शहराचं जुनं नाव आयंताब. बोलताना आजही लोक नुसतं अंतेप म्हणतात. त्याआधीचं 'गाझी' ही पदवी आहे, ती कशी मिळाली ते पुढे येईलच. नकाशात पाहिलं तर शहराच्या पूर्वेला युफ्रेटिस नदी, पश्चिमेला डोंगर ओलांडला की भूमध्य समुद्राचा किनारा, आणि दक्षिणेला जेमतेम शंभर किलोमीटरवर सीरियातलं हलब, म्हणजेच अलेप्पो. हे शेवटचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. शेकडो वर्षं अंतेपचा माल, नवे पदार्थ, पाहुणे आणि सोयरिका याच रस्त्याने आल्या-गेल्या.

युफ्रेटिसच्या काठावर झ्युग्मा नावाचं एक प्राचीन शहर होतं. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने ते इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास वसवलं. नदी ओलांडायची जागा तिथेच होती, त्यामुळे व्यापारी, जकातवाले आणि पुढे रोमन सैन्याची एक पलटण, सगळ्यांनी तिथे तळ दिला. मालाच्या गाठोड्यांवर आणि कागदपत्रांवर मातीची मोहोर लावली जाई. अशा एक लाखाहून अधिक मोहोरा उत्खननात सापडल्या आहेत. एवढ्या एका पुराव्यावरूनही त्या घाटावरून किती माल जात असेल, याचा अंदाज करता येतो.

झ्युग्मातल्या श्रीमंतांच्या घरांत जेवणाच्या दालनाची जमीन सगळ्यात देखणी असे. रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून तिथे देवदेवता, जलचर, द्राक्षवेली चितारलेल्या असत. पाहुणे तीन बाजूंच्या बैठकांवर कलंडून जेवत आणि मधल्या चित्राकडे बघत गप्पा मारत. तिसऱ्या शतकाच्या मध्याला इराणच्या ससानी फौजांनी शहर जाळलं, घरं कोसळली आणि ढिगाऱ्याखाली ही चित्रं सुरक्षित राहिली. २००० साली बिरेजिक धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा संशोधकांनी अक्षरशः पाण्याशी शर्यत करत ती उचलून काढली. २०११ पासून ती गाझियांतेपच्या झ्युग्मा मोझेक संग्रहालयात आहेत.

तिथलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र एका मुलीच्या चेहऱ्याचं आहे. मोकळे केस, कानात मोठाल्या बाळ्या, आणि बघणारा कुठेही उभा राहिला तरी त्याच्यावर रोखलेले डोळे. लोक तिला 'जिप्सी मुलगी' म्हणतात. ती नेमकी कोण, यावर अभ्यासकांत एकमत नाही. या चित्राच्या भोवतीचे काही तुकडे चोरांनी फार पूर्वी उकरून परदेशात विकले होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठाने ते १९६५ मध्ये विकत घेतले होते. २०१८ मध्ये ते घरी परतले.

झ्युग्मा उजाड झालं, पण वाट बंद पडली नाही. तिचं केंद्र थोडं पश्चिमेला सरकलं आणि टेकडीवरच्या किल्ल्याच्या आसऱ्याने आयंताब वाढलं. रोमनांची जुनी चौकी होती, तिला सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात भक्कम किल्ल्याचं रूप आलं. पुढे अरब, सेल्जुक, मामलुक अशा सत्ता बदलत गेल्या. ऑगस्ट १५१६ मध्ये हलबच्या उत्तरेला मर्ज दाबिकच्या मैदानात ऑटोमन सुलतान सलीमने मामलुकांचा पराभव केला आणि आयंताब ऑटोमन साम्राज्यात आलं. सतराव्या शतकात जग हिंडलेला तुर्की प्रवासी एवलिया चेलेबी इथे येऊन गेला आणि शहरावर खूश झाला.

या काळातल्या सराया आजही जुन्या गावठाणात उभ्या आहेत. मधे चौक, खाली जनावरांचे तबेले आणि गोदामं, वर मुसाफिरांच्या खोल्या. बसऱ्याला उतरलेला हिंदुस्तानचा माल, त्यात मलबारची काळी मिरी आणि रंगीत कापड असे, बगदादमार्गे उंटांवरून हलबला पोचायचा आणि तिथून काही भाग उत्तरेकडे यायचा. मिरची मात्र उलट दिशेची पाहुणी. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती अमेरिकेतून जुन्या जगात आली. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि मराठी मुलखाच्या जेवणाचा रंग बदलला. ऑटोमन मुलखातही ती पसरली आणि अंतेप आणि त्याच्या पूर्वेकडचं उर्फा शहर या पट्ट्यात अशी रुजली की आज तिच्याशिवाय तिथलं एकही ताट पुरं होत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी घराघरांच्या गच्च्यांवर लाल मिरच्यांचा लगदा परातींतून उन्हात आटत ठेवलेला असतो. तो घट्ट, गडद लाल गोळा वर्षभर कालवणांत पडतो.

गच्च्यांवर त्याच दिवसांत आणखीही बरंच काही चाललेलं असतं. लहान वांगी आतून कोरून नुसत्या साली उरवायच्या, त्या दोऱ्यात ओवून माळा करायच्या आणि भिंतीवरून सोडायच्या. मिरच्या, दुधी, काकड्या यांचंही तेच. कडक उन्हात दोन-चार दिवसांत त्या खडखडीत वाळतात. हिवाळ्यात गरम पाण्यात घातल्या की पुन्हा मऊ होतात. मग त्यांत गव्हाचा रवाळ दलिया किंवा तांदूळ, खिमा आणि मसाला भरून, सुमाक नावाच्या लाल आंबट फळाचं पाणी घालून त्या शिजवतात. बाजारात फिरणाऱ्याला छतापासून लटकणाऱ्या या माळा दुरूनच दिसतात, आणि वाळलेल्या वांग्यांवर इतका जांभळा-तपकिरी रंग पाहायला मिळतो की छायाचित्रकार तिथून हलत नाहीत.

दलिया, म्हणजे तिथला बुलगुर, तोही याच हंगामातला. नवा गहू भल्या थोरल्या तांब्याच्या हंड्यांत उकडतात, वाळवतात, मग भरडतात. एकदा उकडून वाळवलेल्या गव्हाला कीड सहज लागत नाही आणि तो शिजतोही लवकर. पण गव्हाची त्याहून मोठी करामत फिरिकमध्ये आहे. शेतात गहू अजून हिरवा असताना, दाण्यात चीक असताना, ओंब्या कापतात आणि शेतातच पेटवून देतात. कुसळं आणि तूस जळून जातं; ओलसर दाणा जळत नाही, भाजला जातो. मग तो चोळून, वाळवून, भरडून ठेवतात. महाराष्ट्रातल्या मुलांना कोवळ्या ज्वारीचा हुरडा माहीत असतो. फिरिकचा वास साधारण तसाच धुरकट, फक्त हुरडा शेतात बसून गरमागरम संपवायचा आणि फिरिक कोठारात भरून वर्षभर पुरवायचं. त्याचा पुलाव आणि त्यावर मटणाचे तुकडे हे लग्नकार्यातलं जेवण.

एवढं सगळं ठेवायचं कुठे? याचं उत्तर शहराच्या पोटात आहे. अंतेपचा दगड मऊ. जुन्या घरांच्या खाली तो कोरून तळघरं केलेली असत आणि बाहेर चाळीस अंशांचा उन्हाळा असला तरी आत गारवा राही. धान्य, पिस्ता, द्राक्षांची काकवी, लोणची, तुपाचे बुधले तिथे ठेवत. त्याच दगडातून जमिनीखाली पाण्याचे बोगदे खोदले होते. त्यांना लिवास म्हणतात. दूरच्या झऱ्यांचं पाणी उन्हात न आटता त्यांतून शहरात येई आणि घरोघरच्या विहिरींना मिळे. काही ठिकाणी जिने उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी दगडी दालनं होती. तिथे लोक पाणी भरत, धुणी धूत, हातपाय धुऊन नमाज पढत आणि दुपारी नुसते गारव्याला बसत. राजवाडे आणि मशिदी सगळेच बघतात. अंतेपला गेलेल्या मुलांनी या दालनांच्या पायऱ्या आवर्जून उतराव्यात.

पिस्त्याच्या झाडाचीही एक गंमत आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं मादीला येतात, पण वाऱ्याने नराचे परागकण आणून टाकले तरच. लावल्यावर चांगलं उत्पन्न यायला बरीच वर्षं लागतात आणि त्यानंतरही एक वर्ष भरघोस, एक वर्ष रिकामं असं चालतं. शेतकरी पिस्त्याचं कलम बरेचदा मेनेंगिच नावाच्या रानझाडावर बांधत, कारण त्याची मुळं खडकातही तग धरतात. या रानझाडाची वाटाण्याएवढी फळंही वाया जात नाहीत. ती भाजून, वाटून, दुधात उकळून त्यांची कॉफी करतात. तिच्यात कॅफीन नसतं, म्हणून ती मुलांनाही चालते. ती प्यायला बरेच जण बाजारातल्या तहमिस कॉफीगृहात जातात. सतराव्या शतकात तिथल्या मेवलेवी पंथाच्या सूफी मठाच्या खर्चासाठी जी मालमत्ता दान मिळाली, तिच्यात हे कॉफीगृह होतं.

आता बकलावा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या हिशेबांत त्याची नोंद १४७३ ची आहे. पुढे सुलतानाच्या येनिचेरी फौजेला रमजानच्या पंधराव्या दिवशी दर दहा सैनिकांमागे एक ताट बकलावा मिळे. कापडात बांधलेली ती ताटं दांडीला अडकवून सैनिक वाजतगाजत मिरवत नेत. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने ती फौजच मोडून काढली आणि मिरवणूक संपली.

अंतेपच्या बकलाव्याचा इतिहास मात्र दरबारी नाही, दुकानदारीचा आहे. गुल्लू या नामांकित मिठाईवाल्या घराण्यात असं सांगतात की त्यांचा पूर्वज १८७१ च्या सुमारास हजला जाताना हलब आणि दमास्कसमध्ये थांबला, तिथल्या मिठाया त्याने पाहिल्या आणि परतल्यावर अंतेपमध्ये दुकान टाकलं. म्हणजे इथेही हलबचाच रस्ता. या घराण्याने १९४९ मध्ये इस्तंबूलच्या काराकोय भागात दुकान काढलं आणि राजधानी गमावलेल्या त्या जुन्या महानगराला अंतेपच्या हिरव्या पिस्त्याची चटक लागली.

कारखान्यात आत शिरलं की पहिल्यांदा काही दिसतच नाही, सगळीकडे गव्हाच्या सत्त्वाची पांढरी धूळ. कणकेच्या लाट्या एकमेकींवर रचून, मधे ते सत्त्व भुरभुरून, बारीक लांब लाटण्याने एकदमच लाटतात. पापुद्रा इतका पातळ व्हायला हवा की पलीकडचं दिसलं पाहिजे. असे तीस-चाळीस पापुद्रे एका ताटात बसतात. मधे रवा घातलेल्या दुधाची साय आणि कच्च्या पिस्त्याचा जाड भरड थर. वरून मेंढीच्या-शेळीच्या दुधाचं कढवलेलं तूप. ओकच्या लाकडांवर पेटलेल्या भट्टीत भाजून ताट बाहेर आलं की त्यावर गरम पाक ओततात आणि ते अक्षरशः बोलू लागतं, चर्रर्र करून. चांगल्या बकलाव्यात काटा रुतला की पापुद्रे मोडल्याचा आवाज यायलाच हवा. इथे शिकायला येणारा मुलगा आधी उमेदवार असतो, मग साहाय्यक, आणि बऱ्याच वर्षांनी उस्ताद. लाटणं हातात मिळायलाही वाट पाहावी लागते. २०१३ मध्ये युरोपीय संघाने अंतेपच्या बकलाव्याला भौगोलिक मानांकन दिलं; ते मिळवणारा हा तुर्कस्तानचा पहिला पदार्थ.

ताटं तांब्याची, आणि ती घडवणाऱ्या तांबटांची आळी किल्ल्याजवळच आहे. हातोड्यांच्या ठोक्यांमुळे तिथे बोललेलं ऐकू येत नाही. स्वयंपाकाच्या तांब्याला कल्हई लागतेच, त्यामुळे घडवणारे आणि कल्हई करणारे असे दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालत आले.

विसाव्या शतकाने या शहराला फार रडवलं. आयंताबमध्ये तुर्क मुसलमानांच्या बरोबरीने हजारो आर्मेनियन ख्रिस्ती राहत होते. व्यापारी, कारागीर, वैद्य, शिक्षक. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८७६ मध्ये उघडलेल्या महाविद्यालयात त्यांची मुलं शिकत. १८९२ मध्ये त्यांनी भव्य कॅथेड्रल बांधलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं. वाटेत आणि तिथल्या छावण्यांत असंख्य माणसं मेली. जे वाचले त्यांतले बरेच हलब, बैरुत, अमेरिका इथे स्थिरावले आणि आयंताबच्या पाककृती त्यांच्यासोबत गेल्या. आज बैरुतच्या आर्मेनियन वस्तीत मिळणाऱ्या अनेक पदार्थांचं माहेर हेच शहर आहे. कॅथेड्रलचा पुढे तुरुंग झाला, नंतर मशीद.

युद्ध संपल्यावर शहर आधी इंग्रजांच्या आणि मग फ्रेंचांच्या ताब्यात गेलं. एप्रिल १९२० मध्ये तुर्क नागरिकांनी बंड पुकारलं आणि फ्रेंचांनी वेढा घातला. तो फेब्रुवारी १९२१ पर्यंत, दहा महिन्यांहून जास्त चालला. तळघरं रिकामी झाली. शेवटी लोकांनी कडू जर्दाळूच्या बियांचा गर पिठात मिसळून भाकरी केल्या. या बियांत विषारी अंश असतो, त्यामुळे खाणारे आजारी पडत. पण दुसरं काही नव्हतं. उपासमारीने शहराला शरण जावं लागलं, मात्र त्याच महिन्यात अंकाऱ्याच्या राष्ट्रीय संसदेने त्याला 'गाझी' ही पदवी दिली. वर्ष संपता संपता, करार होऊन, २५ डिसेंबर १९२१ रोजी फ्रेंच निघून गेले.

त्या करारातून जी सीमा आखली गेली, तिने हलब परदेश करून टाकलं. तरी चव दोन्हीकडे एकच राहिली. मांसासोबत फळं शिजवायची हलबची रीत अंतेपच्या कबाबांत अजून आहे. वसंतात लुकाटची फळं आली की बिया काढून त्यांत खिमा भरतात आणि सळईवर भाजतात. कोवळ्या लसणीचा कबाबही वसंतातला. हिवाळ्यात पहाटे बेयरान: रात्रभर शिजवलेलं मटण, भात, लसूण आणि तिखट तांब्याच्या थाळीत घालून धगधगत्या आचेवर उकळलेलं. सर्दी झालेल्याला त्याची एक थाळी पुरते. ईदच्या आदल्या दिवसांत शेजारणी एका घरी जमून तांदूळ आणि मांसाच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळतात. त्या दह्याच्या रश्श्यात शिजल्या की युवलामा होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरीला कातमेर, म्हणजे साय आणि पिस्ता भरलेली पातळ खुसखुशीत घडी, खाऊ घालतात. हे सगळं मांडून दाखवणारं तुर्कस्तानातलं पहिलं खाद्यसंग्रहालय २००८ मध्ये एका जुन्या दगडी वाड्यात उघडलं, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने गाझियांतेपला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे, ७.८ तीव्रतेच्या भूकंपात, किल्ल्याचे बुरूज आणि तटाचे मोठे भाग उतारावरून रस्त्यावर घसरले. दक्षिण तुर्कस्तान आणि सीरियात मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. गाझियांतेप प्रांतातली नुर्दाई आणि इस्लाहिये ही गावं सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झाली. त्या थंडीत शहरातल्या आचाऱ्यांनी हंडे चढवले आणि तंबूंतल्या लोकांसाठी सूप शिजवलं.

तंबूंत सीरियन कुटुंबंही होती. २०११ पासूनच्या सीरियातल्या युद्धामुळे चार लाखांहून अधिक निर्वासित या प्रांतात आले होते, त्यांतले पुष्कळ हलबचे. त्यांनी इथे बेकऱ्या आणि मिठाईची दुकानं थाटली. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसची असद राजवट कोसळल्यावर त्यांतली बरीच माणसं परत निघाली. त्यांच्यासोबत अंतेपमध्ये जन्मलेली, इथल्या शाळेत तुर्कीतून शिकलेली मुलंही गेली.

हलबशी अंतेपचं नातं असं रक्ताचं. खरी चुरस आहे ती पूर्वेकडच्या उर्फाशी. पिस्ता कुणाचा चांगला, कच्च्या मांसाचे तिखट मुटके मूळचे कुणाचे, यावर दोन्हीकडे तासन् तास बोललं जातं. लहमाजून, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ पोळी, अंतेपमध्ये लसूण घालून करतात आणि उर्फात कांदा घालून. अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचं आहे. सकाळी एकीकडची खाऊन निघालं तर दुपारी दुसरीकडची गरम खाता येते.